मजनूच्या टेकाडावरील तिबेटी खानावळी

दिल्लीच्या खाद्यपदार्थांचा इतिहास सांगावयाचा म्हणजे चांदणी चौकापासून आरंभ करावयाचा, असा एक प्रघात पडून गेला आहे. मोगलांचे कबाब, कायस्थ घराण्यांची पक्वान्ने, हलवायांच्या जिलब्या ह्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु आजची दिल्ली रस्त्यात उभी राहून जे खाते, त्यातील बरेचसे तिला मोगलांनी दिलेले नसून निर्वासितांनी दिलेले आहे. निर्वासितांची एक मोठी लाट १९४७ साली पंजाबातून आली, हे सर्वांस ठाऊक आहे. दुसरी, संख्येने लहान अशी लाट १९५९ नंतर हिमालय ओलांडून आली. तिचा माग काढावयाचा तर चांदणी चौक सोडून यमुनेच्या काठाने उत्तरेस जावे लागते.

काश्मिरी दरवाज्याजवळचे आंतरराज्य बसस्थानक मागे टाकून वर्तुळमार्गाने थोडे वर गेले की उजव्या हातास, रस्ता आणि नदी ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत, एकमेकांस खेटून उभी राहिलेली उंच घरे दिसू लागतात. गच्च्यांवरून पाच रंगांच्या प्रार्थनापताकांच्या माळा लोंबत असतात. गल्ल्या इतक्या अरुंद की वाहनाला आत शिरावयास वाव नाही. कागदोपत्री ह्या वस्तीचे नाव न्यू अरुणा नगर असे आहे. तिबेटी मंडळी तिला सम्येलिंग म्हणतात. आणि उरलेली दिल्ली तिला 'मजनू का टीला', म्हणजे मजनूचे टेकाड, ह्या नावाने ओळखते. हा मजनू लैलेचा नव्हे. सिकंदर लोदीच्या कारकीर्दीत येथे राहून यमुनेच्या उतारूंना फुकट पलीकडे नेणारा एक इराणी फकीर होता, त्याला लोक मजनू म्हणत आणि त्याला येथे गुरु नानकांची भेट घडली, अशी शीख परंपरा आहे. १७८३ साली सरदार बघेलसिंग दिल्लीत शिरला तेव्हा त्याच्या हातून येथे गुरुद्वारा उभा राहिला असे सांगतात. त्याच्या पुढच्याच वर्षाच्या अखेरीस महादजी शिंद्यांकडे बादशाहीची वकील-इ-मुतलकी आली, हे ग्वाल्हेरच्या वाचकांस आम्ही आठवण करून देण्याची आवश्यकता नाही. तात्पर्य, परक्या प्रांतातून आलेल्या माणसांनी ह्या काठावर तळ ठोकावा ही गोष्ट जुनीच आहे.

तिबेटी लोक येथे कसे आले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. १९५० च्या ऑक्टोबरात चिनी फौजा पूर्व तिबेटात शिरल्या. पुढच्या वर्षी ल्हासाच्या प्रतिनिधींना पेकिंगमध्ये सतरा कलमांच्या करारावर सह्या कराव्या लागल्या. आणि १० मार्च १९५९ रोजी ल्हासात उठाव झाला. त्यानंतर एका आठवड्याने दलाई लामा रात्री वेषांतर करून नोर्बुलिंका प्रासादातून निघाले आणि ३१ मार्च रोजी तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. त्यांच्यामागून सुमारे ८०,००० माणसे हळूहळू खाली उतरली. आसामात मिसामारी येथे आणि बंगालच्या सरहद्दीवर बक्सा येथे छावण्या उभारण्यात आल्या. बक्साचा किल्ला म्हणजे ब्रिटिशांनी स्वातंत्र्यसैनिकांना डांबून ठेवण्यासाठी वापरलेला तुरुंग. त्यात आता मठांतून परागंदा झालेले भिक्षू राहू लागले. इतरांना हिमालयात रस्ते फोडण्याच्या कामावर लावण्यात आले. थंड हवेची सवय असलेली ही माणसे सपाटीवरील उष्म्याने आणि क्षयाने मोठ्या संख्येने दगावली. ह्या पांगापांगीतले काही लोक दिल्लीस पोहोचले. आरंभी त्यांनी बसस्थानकाजवळच्या लडाख बुद्ध विहाराच्या आश्रयाने दिवस काढले आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यांतल्या कुटुंबांनी मजनूच्या टेकाडाजवळ नदीकाठी झोपड्या घातल्या.

झोपडीत राहणाऱ्या, भाषा न जाणणाऱ्या माणसाने पोट कसे भरावे? उत्तर दोन गोष्टींत सापडले. हिवाळ्यात लोकरी कपडे विकावयाचे, आणि उरलेल्या काळात छांग. छांग म्हणजे धान्य आंबवून केलेले सौम्य, आंबटसर मद्य. तिबेटात ते घरोघरी होई. टेकाडाजवळच्या झोपड्यांतून ते मिळते हे दिल्लीतील हमालांना, रिक्षावाल्यांना आणि जवळच्या विश्वविद्यालयातील विद्यार्थ्यांना लवकरच कळले. पुष्कळ वर्षे ह्या वस्तीची ख्याती तेवढ्यापुरतीच होती, आणि ती फार चांगली नव्हती. परंतु छांगेबरोबर काहीतरी खावयास लागतेच. आज ज्या खानावळींत कुटुंबे मुलाबाळांसह जेवावयास जातात त्यांच्या वंशावळीत ही छांगेची झोपडी आहे, हे लपविण्यासारखे आम्हांला काही वाटत नाही. पुढे तो धंदा बंद झाला. विद्यार्थी मात्र येतच राहिले.

खानावळी वाढावयास दुसरे कारण असे झाले, की टेकाड हे तिबेटी प्रवाशांचे नाके बनले. १९६० पासून दलाई लामांचे वास्तव्य धर्मशाळेस. आणि निर्वासितांच्या मोठ्या शेतीवसाहती मात्र दूर दक्षिणेस. म्हैसूर राज्याने बैलकुप्पे येथे प्रथम जमीन दिली. मग १९६६ मध्ये, बेळगाव-कारवारच्या वाचकांना परिचित असलेल्या मुंडगोड येथे दुसरी मोठी वसाहत झाली. बक्सा येथे राहिलेल्या भिक्षूंनी पुढे मुंडगोडास येऊन द्रेपुंग आणि गांदेन ह्या जगप्रसिद्ध मठांची पुनःस्थापना केली. १९७२ साली महाराष्ट्रात, तेव्हाच्या भंडारा व आताच्या गोंदिया जिल्ह्यात, गोठणगावास नोर्ग्येलिंग ही वसाहत वसली. ह्या सर्व ठिकाणांहून धर्मशाळेस जाणारा माणूस रेल्वेने दिल्लीस उतरे, टेकाडावर येई, आणि संध्याकाळी सुटणाऱ्या बसची वाट पाहत बसे. आजही धर्मशाळेच्या बसगाड्या तेथूनच संध्याकाळी सुटतात. भिक्षू, यात्रेकरू, आजारी माणूस, परदेशी जाण्याच्या परवान्यासाठी वकिलातीत खेटे घालणारा तरुण, लुधियानाच्या गिरण्यांतून मालाची खरेदी करून निघालेला स्वेटरवाला, ह्या साऱ्यांना दोन घास हवे असत. आमच्या इंदूर, बडोदे, हैदराबादसारख्या शहरांतून थंडी पडू लागली की ज्या तिबेटी बायका रस्त्याच्या कडेला लोकरी कपड्यांचे बाजार मांडतात, त्यांच्या वार्षिक भ्रमणाच्या वाटेवर हे टेकाड एक विसाव्याचे ठिकाण होते.

अशा ह्या खानावळी थाटाच्या नाहीत. जिना चढून जावे, चार-सहा टेबले, भिंतीवर दलाई लामांचे चित्र आणि त्यावर घातलेला पांढरा खाता, एखादे पोताला प्रासादाचे चित्र. गल्ल्यावर बसलेली बाई वयाने वडील असेल तर तिला 'आमा-ला' म्हणजे आईसाहेब म्हणावयाचे, बरोबरीची असेल तर 'आचा-ला' म्हणजे ताई. हा 'ला' आपल्या 'जी'सारखा; तो लावल्यावाचून बोलणे उद्धटपणाचे. जेवण घाईने येत नाही. आम्ही ह्या खानावळींत वेळोवेळी जेवलो आहो, आणि दर वेळी एक गोष्ट मनात घोळत राहिली आहे: येथील पदार्थांची यादी हे तिबेटच्या जेवणाचे चित्र नसून तिबेट सुटल्याचे चित्र आहे.

ह्याचा पहिला पुरावा म्हणजे यादीत जे सहसा सापडत नाही ते. तिबेटचे खरे अन्न म्हणजे त्साम्पा. जव भाजून दळावयाचे, ते पीठ लाकडी वाडग्यात घ्यावयाचे, त्यात लोणी घातलेला खारा चहा ओतून बोटांनी मळावयाचे आणि गोळा करून खावयाचा. मराठी माणसाला ह्याचे वर्णन करावयास फारसे श्रम पडू नयेत, कारण आपले सातूचे पीठ ते हेच. संस्कृत सक्तू तो हाच. आपल्याकडे सातू हा प्रवासाचा, उपवासाचा किंवा उन्हाळ्याचा आहार म्हणून राहिला. तिबेटात तो तीन त्रिकाळचे जेवण झाला, कारण समुद्रसपाटीपासून चार हजार मीटर उंचीवर जवाखेरीज दुसरे धान्य धड पिकत नाही. लोकांनी स्वतःची व्याख्याच त्यावरून केली. कालिंपाँगहून १९२५ ते १९६३ पर्यंत निघणारे 'तिबेट मिरर' हे तिबेटी वृत्तपत्र १९५० च्या दशकात आपल्या देशबांधवांना 'सातू खाणारे' ह्या नावाने एकजुटीची हाक देत असे. बोली निराळ्या, पंथ निराळे, खाम आणि आम्दो आणि ल्हासा ह्यांत आपापसांत वैरही पुष्कळ. पण त्साम्पा सर्वांचा.

ह्या त्साम्पाची पहिली विस्तृत हकीकत बाहेरच्या जगात ज्या माणसांनी लिहिली त्यांची वाट गोव्यावरून गेली होती, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना नवी असेल. गोवे प्रांताच्या जेझुइट संघाचा पाद्री आंतोनियु द आंद्राद १६२४ साली आग्र्याहून निघाला, दिल्लीत बदरीनाथच्या यात्रेकरूंत मिसळला आणि माणा खिंडीतून पश्चिम तिबेटातील त्सापरांग येथे पोहोचला. पुढे तो गोव्यास परतून तेथील संघाचा प्रमुख झाला आणि १६३४ मध्ये गोव्यातच विषप्रयोगाने मेला. त्याच्यानंतर जवळजवळ शतकाने इप्पोलितो देसिदेरी हा इटालियन जेझुइट १७१३ मध्ये गोव्यास उतरला, दिल्ली, काश्मीर आणि लेह करीत १७१६ च्या मार्चमध्ये ल्हासास पोहोचला आणि पाच वर्षे तिबेटात राहिला. त्याच्या ग्रंथात भाजलेल्या जवाचे पीठ, लोणी घुसळलेला चहा, मांस, मेजवान्या ह्यांची साक्षेपी वर्णने आहेत. मत खोडून काढावयास गेलेल्या ह्या पाद्र्याने तिबेटी भाषा शिकून मठांत अध्ययन केले आणि खाणेपिणेही न हेटाळता टिपले. त्याचा ग्रंथ जवळजवळ दीडशे वर्षे हस्तलिखित स्वरूपात दप्तरांत पडून राहावा हे दुर्दैव होय. देसिदेरीने पाहिलेला तिबेटी मनुष्य जेथे जाई तेथे आपले लाकडी वाडगे आणि पिठाची पिशवी बरोबर नेई. चहा कोणाही घरी मिळे, पीठ आपले. म्हणजे आपल्या शिदोरीसारखेच. जो माणूस आपले अन्न कमरेला बांधून हिंडतो त्याला खानावळीची गरज फारशी पडत नाही. खानावळ लागते ती पिशवी सुटल्यावर.

आता यादीत जे आहे त्याकडे वळू. पहिला मान मोमोचा. मैद्याची पातळ पारी, आत मांसाचे किंवा कोबीचे सारण, कडेने चुण्या घालून तोंड बंद केलेले, आणि थराथरांच्या ॲल्युमिनियमच्या मोदकपात्रात उकडलेले. गोल असला तर मोदक, अर्धचंद्राकृती असला तर करंजी. मुखऱ्या पाडणाऱ्या हाताचे कसब दोहोंकडे सारखेच लागते, आणि गणेशचतुर्थीला मोदक वळणाऱ्या बायकांप्रमाणेच येथेही चार जणींनी एकत्र बसून गप्पांच्या ओघात शेकडो वळावयाचे असतात. पण मोदकाची पारी तांदळाची आणि मोमोची गव्हाची. ल्हासात गहू हा थोरामोठ्यांच्या घरचा आणि सणासुदीचा. मोमो हेही रोजचे अन्न नव्हे. भारतात आल्यावर उलटापालट झाली. जव दुर्मिळ झाला, आणि मैदा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळू लागला. सणाचा पदार्थ रोजचा झाला आणि रोजचे अन्न सणापुरते, पूजेपुरते उरले. नववर्षाच्या दिवशी चिमूटभर त्साम्पा हवेत उधळून देवतांना अर्पण करतात, त्यासाठी तो घरात ठेवलेला असतो.

मोमो हा शब्द आणि बहुधा पदार्थही चीनकडून आला. चिनी भाषेत वाफवलेल्या पावाला मोमो म्हणतात. शेवयांच्या 'ग्याथुक' ह्या प्रकाराच्या तर नावातच चीन आहे, कारण तिबेटीत 'ग्या' म्हणजे चिनी. चीनने ज्यांचा देश घेतला त्यांनी चिनी उगमाचे पदार्थ आपले राष्ट्रीय अन्न म्हणून मिरवावेत ह्यात काहींना विसंगती वाटते. आम्हांला वाटत नाही. ज्या गोव्यात मिरची, बटाटा, काजू आणि पाव पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरले, तेथील माणसाने तरी अशी शंका काढू नये. मोमोबरोबर जी लाल तिखट चटणी येते, तिबेटी भाषेत सेपेन, तिच्यातील मिरचीही मूळची अमेरिकेची आणि आशियात पोर्तुगीजांनीच आणलेली. शेजाऱ्याकडून घेतलेला पदार्थ आपल्या चुलीवर दोन-तीन पिढ्या शिजला की तो आपला होतो. देश घेणे हा निराळा व्यवहार आहे.

मांसाच्या बाबतीत मात्र एक खरा पेच पडला, आणि तो खानावळीच्या यादीत आजही वाचता येतो. तिबेटी बौद्ध मांस खातात, परंतु जीव घेण्याचे पाप त्यांना टोचते. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की मारावयाचेच तर मोठे जनावर मारावे: एक याक मेला तर अनेक माणसे पुष्कळ दिवस जेवतात, पण एका माणसाच्या एका जेवणासाठी कोंबडी मारणे म्हणजे जिवामागून जीव घेणे होय. म्हणून जुन्या तिबेटात कोंबडी आणि मासे फार थोडे लोक खात. दिल्लीत याक कोठला? त्याच्या जागी म्हशीचे मांस आले. पण म्हशीचे मांस न खाणारे गिऱ्हाईक बहुसंख्य. त्यांना कोंबडी पाहिजे. होता होता कोंबडीचे मोमो सर्वांत अधिक खपू लागले, आणि एका थाळीतील आठ मोमोंपाठीमागील पापपुण्याचा जुना हिशेब पुरता उलटा झाला. कोबी-गाजराचे शाकाहारी मोमो ही तर सर्वस्वी भारताची देणगी, आणि ती तिबेटी मंडळींना मनापासून रुचली आहे. स्वतः दलाई लामांनी १९६५ मध्ये मांस सोडले होते. परंतु पुढे त्यांना कावीळ झाली आणि वैद्यांच्या सल्ल्याने त्यांना ते पुन्हा घ्यावे लागले. भिक्षूंमध्ये मांस वर्ज्य करण्याची चळवळ त्यानंतरही चालूच राहिली आहे.

शेवयांच्या रश्श्याला, किंबहुना कोणत्याही दाट-पातळ सारालाच, थुक्पा म्हणतात. तांदळाची पेज असली तरी ती 'द्रेथुक', म्हणजे थुक्पाच. ह्यातला आमच्या आवडीचा प्रकार थेंथुक. 'थेन' म्हणजे ओढणे. कणकेची पट्टी हातावर धरून ओढीत, तिचे बोटभर तुकडे तोडीत उकळत्या रश्श्यात टाकावयाचे. देशावरच्या वाचकांनी हे वाचून चकोल्या, म्हणजेच वरणफळे, आठवली असतील, आणि ते बरोबरच आहे: थकून आलेल्या माणसाला एका भांड्यात पोळी आणि वरण देण्याची युक्ती दोन्ही पठारांवर सुचली आहे. थेंथुकात डाळ नसते. मांसाचा किंवा मुळ्या-पालकाचा रस्सा असतो. दिल्लीच्या जानेवारीत, धुके उतरलेले असताना, ह्या वाडग्यापुढे बसण्यासारखे सुख थोडे आहे. मे महिन्यात मात्र त्याची वाट्यास जाऊ नये.

लोण्याच्या चहाचेही असेच झाले. त्याला लागणारा विटांसारखा दाबलेला चहा पूर्वी सेचुआनहून घोड्याखेचरांच्या तांड्यांनी ल्हासास येई, तो सुटला. याकमादीचे लोणी सुटले. उंच लाकडी नळकांड्यात दांडा वरखाली करून घुसळणे सुटले. आता आसाम-दार्जिलिंगकडचा चहा, आणंदच्या अमूलचे खारट लोणी आणि विजेवरचे घुसळणयंत्र, ह्यांवर काम भागते. बडोद्याच्या शेजारी निघालेले लोणी तिबेटच्या पेल्यात पडावे हा योग कोणी कल्पिला असेल? म्हातारी मंडळी तो घेतात. तरुण दुधाचा गोड चहा मागवतात. परंतु गोड चहा म्हणजे निर्वासितपणाची खूण असे समजू नये. हिंदुस्थानच्या वळणाचा गोड चहा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच ल्हासाच्या चहाघरांत जाऊन बसला होता.

येथवर टेकाडाची गोष्ट झाली. तेथून मोमो शहरात उतरला. नेपाळी, दार्जिलिंगकडचे आणि ईशान्येकडील तरुण कामासाठी व शिक्षणासाठी दिल्लीस आले, त्यांच्याही घरी मोमो होताच. काठमांडूच्या नेवार व्यापाऱ्यांनी तो ल्हासाच्या व्यापाराबरोबर कधीच नेला होता. १९९० नंतर कोपऱ्याकोपऱ्यावर उकडण्याचे भांडे दिसू लागले, आणि आता तो पुण्यापासून पणजीपर्यंत सर्वत्र आहे. दिल्लीने त्याला तळले, मलईत घोळले आणि शेवटी भट्टीत घातले. तंदुरी मोमो हा प्रकार पाहून तिबेटी आमा-ला डोक्याला हात लावतात. अभिरुचीच्या दृष्टीने त्यांचा पक्ष आम्हांलाही मान्य आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ह्या ओबडधोबड पदार्थाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. तंदुरी कोंबडी दिल्लीच्या ओळखीची झाली ती फाळणीत पेशावरहून आलेल्या माणसांनी दर्यागंजात 'मोतीमहाल' काढल्यावर. म्हणजे भट्टी १९४७ ची आणि आत घातलेला मोमो १९५९ चा. घरे गमावलेल्या दोन समाजांची गाठ तिसऱ्याच शहराच्या फुटपाथावर, एका द्रोणात पडते, आणि खाणाऱ्या पोराला ह्यांपैकी कशाचाही पत्ता नसतो.

आता ह्या खानावळी ज्या जमिनीवर उभ्या आहेत तिच्याविषयी. ती जमीन त्यांची नाही. भारताने तिबेटी लोकांना आश्रय दिला, शाळा दिल्या, शेतीस जमिनी दिल्या. जगातील फार थोड्या देशांनी निर्वासितांसाठी इतके केले आहे. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांची गणना परदेशी नागरिकांत होते, त्यांना नोंदणीचा दाखला काढावा लागतो, ठरावीक मुदतीने तो नवा करून घ्यावा लागतो, आणि नागरिकाप्रमाणे जमीन विकत घेता येत नाही. नदीकाठच्या ह्या वस्तीला २००६ साली रस्तारुंदीच्या आणि यमुनातीर सुशोभित करण्याच्या योजनेमुळे पाडापाडीच्या नोटिशीला तोंड द्यावे लागले. ती टळली, आणि पुढे अनधिकृत वसाहती नियमित करण्याच्या यादीत तिचा समावेश झाला. माणसांनी धरलेली नोटीस टळते, नदीची टळत नाही. १९७८ च्या महापुरात दिल्लीस यमुनेची पातळी २०७.४९ मीटरपर्यंत चढली होती. १३ जुलै २०२३ रोजी ती २०८.६६ मीटरवर गेली. अशा काठावर मजल्यावर मजला चढवून, कर्ज काढून, टेबले-खुर्च्या मांडून बसणे ह्याला धैर्य म्हणावे की दुसरा मार्ग नसणे म्हणावे, हे बाहेरच्याने ठरवू नये.

२६ जानेवारी १९५० आणि १ जुलै १९८७ ह्यांच्या दरम्यान भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक होय, मग ती तिबेटी आईबापांची का असेना, असा निर्वाळा दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१० साली दिला. म्हणजे आज चाळिशीपलीकडे गेलेल्या खानावळवाल्याला नागरिकत्व मागता येते. पुष्कळांनी ते मागितले नाही. कित्येक तिबेटी घरांतून ह्या प्रश्नावर बाप आणि मुलगा ह्यांच्यात वाद होतात. बाप म्हणतो, दाखला सोडला तर परत जाण्याचा हक्क सोडला असे होईल. मुलगा म्हणतो, दुकान कोणाच्या नावावर करावयाचे? आम्हांला दोघांचेही म्हणणे पटते, आणि त्यामुळे निवाडा देता येत नाही.

दरम्यान माणसेच कमी होत चालली आहेत. तिबेटी निर्वासित प्रशासनाने २००९ साली केलेल्या गणनेत भारतात ९४,२०३ तिबेटी होते. त्यानंतर ही संख्या घसरतच गेली आहे. तरुण मंडळी अमेरिकेस, कॅनडास, फ्रान्सास जातात. पूर्वी हिमालयाच्या खिंडीतून वर्षाकाठी दोन-तीन हजार नवी माणसे येत. २००८ मध्ये तिबेटात पुन्हा उठाव झाला, सरहद्द कडक झाली, आणि तो ओघ आटून नाममात्र उरला. ह्या आटण्याचा परिणाम चुलीवरही होतो. नव्याने आलेला माणूस ल्हासातली ताजी चव घेऊन येई. लाफिंग नावाचा मुगाच्या सत्त्वाचा थंड, तिखट, झणझणीत पदार्थ टेकाडाच्या गल्ल्यांतून स्टुलावर बसून बायका विकतात, त्याच्यासाठी विद्यार्थ्यांची झुंबड उडते. तोही असाच सरहद्दीपलीकडून आलेला. उद्या असे काही कोण आणणार? खानावळीच्या यादीत आता कोरियाचे पदार्थ वाढू लागले आहेत, कारण दिल्लीच्या तरुणांना दूरदर्शनमालिकांमुळे कोरियाचे वेड लागले आहे आणि टेकाडावर तशी चव स्वस्तात मिळते अशी त्यांची समजूत आहे. एका टेबलावर कोरियन भात, दुसऱ्यावर थेंथुक. गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे यादी बदलणे हे खानावळवाल्याचे कर्तव्यच होय, आणि ज्या लोकांनी याक सोडून कोंबडी धरली ते ह्यानेही बुडणार नाहीत. तरीही म्हैसूरच्या आणि कारवारच्या जंगलांत मका पिकवून वाढलेली, कन्नड बोलणारी जी पिढी दिल्लीस आली की ह्या टेबलांपाशी बसून आपल्या आजीच्या हातची चव शोधी, ती आता कोठे बसेल, ही काळजी आम्हांला वाटते.

एक पदार्थ असा आहे, की तो वर्षातून एकदाच, घरीच होतो. तिबेटी वर्षाच्या शेवटच्या महिन्यातील एकोणतिसाव्या रात्री, लोसारच्या म्हणजे नववर्षाच्या आधी, गुथुक करतात. 'गु' म्हणजे नऊ. नऊ जिनसा घातलेला थुक्पा. प्रत्येकाच्या वाडग्यात कणकेचा एक मोठा गोळा येतो आणि त्यात काहीतरी दडविलेले असते. कोळसा निघाला तर तो माणूस काळ्या मनाचा, मिरची निघाली तर तोंडाचा फटकळ, लोकर निघाली तर मऊ अंतःकरणाचा. आणि ज्याला जे निघते त्यावरून घरभर हसे होते. घरातील सासूला कोळसा आणि जावयाला मिरची निघावी ह्यासाठी गोळे वळणाऱ्या बायका काय युक्त्या करतात त्या आम्ही येथे सांगत नाही. वाडगे संपूर्ण रिकामे करावयाचे नसते. तळाशी राहिलेले, प्रत्येकाचे थोडे थोडे, एका जुन्या भांड्यात ओततात. त्यात कणकेची एक बाहुली ठेवतात, सरत्या वर्षातील रोगराई आणि अवकळा तिच्या स्वाधीन करतात, आणि पेटत्या चुडी घेऊन, ओरडत, ते भांडे घराबाहेर नेऊन चव्हाट्यावर टाकतात. आपल्याकडे तिठ्यावर उतारा टाकतात तसेच. टाकून येताना मागे वळून पाहावयाचे नाही.